स्टेअरिंग वाकडं, गाडी सरळ

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं. रस्त्यावर वीतभर पाणी साचलेलं, त्यामुळे खड्डा दिसायचा प्रश्नच नव्हता. पुढे टेम्पो, मागे कंपनीची बस, थांबायलाही जागा नाही. धाडकन आवाज आला आणि स्टेअरिंग हाताला झटका देऊन परत जागेवर आलं. ऐरोलीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर खाली वाकून पाहिलं. टायरला कुठे फुगवटा आलेला नव्हता, कुठे तेल गळत नव्हतं, बंपरही शाबूत. हुश्श म्हणून मी कामाला लागले.

ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं ऐरोली हा माझा रोजचा रस्ता. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा, दिघा असं करत एका बाजूला वीसेक किलोमीटर होतात. रोज तीच गाडी, तोच रस्ता असला की गाडीतला बारीकसा बदलही अंगाला कळतो. त्या दिवसानंतर गाडी डावीकडे ओढायला लागली. रस्ता सरळ असला तरी उजव्या हाताला सतत थोडा जोर लावून धरायला लागायचं, आणि ठाणे-बेलापूर रोडवर तर ते फारच जाणवायचं. ऑफिसमधल्या दोघांनी एका सुरात सांगितलं, ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाक.’ आपल्याकडे हे दोन्ही शब्द एकत्रच उच्चारले जातात, पण कामं वेगळी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं ज्या कोनांत उभी असतात ते कोन जुळवणं. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. बॅलन्सिंग बिघडलं तर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. माझ्या गाडीला थरथर अजिबात नव्हती. त्यामुळे बॅलन्सिंगचा विचार मी तिथेच सोडून दिला.

घरी बाबांना सांगितलं. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका मशीन शॉपला फिटर होते, तीस वर्षं. एमआयडीसीची सुरुवात 1962 मध्ये जिथे झाली तोच हा वागळे इस्टेट. आता तिथे बऱ्याच ठिकाणी काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण बाबांच्या बोलण्यात अजून लेथचा आवाज असतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हवा बघितलीस?’ बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडे गेले. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे चारी चाकांत 33 पीएसआय हवी. तीन चाकांत 32-33 निघाली आणि पुढच्या डाव्या चाकात 26. पुढच्या दोन चाकांच्या हवेत एवढा फरक असला की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढणारच. चाक काढून त्याने पाण्याच्या टबात बुडवलं, तेव्हा टायरमधून काही नाही, पण रिमच्या काठापाशी बारीक बारीक बुडबुडे येत होते. लोखंडी रिमच्या बाहेरच्या काठाला खड्ड्याने छोटा पोचा पाडला होता. त्याने तो ठोकून सरळ केला, काठ घासून साफ केला, टायर परत बसवला. हवा टिकली. गाडी ओढायची थांबली.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण आता एक नवीनच गोष्ट खटकू लागली. गाडी सरळ जायची, हाताला जोरही लागत नव्हता, फक्त सरळ जाताना स्टेअरिंगवरचं बोधचिन्ह अगदी किंचित उजवीकडे कललेलं दिसायचं. इतकं किंचित की एक दिवस वाटायचं आहे, दुसऱ्या दिवशी वाटायचं आपल्याच डोळ्यांचा भास.

मग घोडबंदर रोडवरच्या एका टायरच्या दुकानात थांबले. तिथल्या मुलाने गाडीसमोर उभं राहून एक डोळा मिटून चाकांकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘मॅडम, कॅम्बर आउट आहे. अलाइनमेंट आणि कॅम्बर दोन्ही करावं लागेल.’ कॅम्बरचे पैसे वेगळे. मी विचारलं, मशीनवर लावून आधी फक्त रीडिंग दाखवाल का? तो म्हणाला, रीडिंग आणि काम एकदमच होतं. वर असंही म्हणाला, फक्त स्टेअरिंग वाकडं वाटत असेल तर ते काढून सरळ बसवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी मान हलवून निघून आले. मला त्यातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. न मोजता सांगितलेली गोष्ट पटली नाही, एवढंच. बाबांच्या घरात वाढल्याचा तो परिणाम असावा.

संध्याकाळी हे सगळं ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘अगं, घड्याळ मागे पडतं म्हणून तबकडी फिरवायची का? स्टेअरिंग काढून फिरवलं तर ते दिसायला सरळ होईल. चाकं आहेत तिथेच राहतील.’ शिवाय स्टेअरिंगच्या पोटात एअरबॅग असते, तिला उगाच हात लावणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन असतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजलं. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय तो कॅम्बर. बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेवर वळतं ती रेषा किती मागे कललीय तो कॅस्टर. आणि वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलीत की एकमेकांपासून लांब, तो टो. बाबांनी हे पायातल्या दोन चपलांवर दाखवलं: चवडे आत केले की टो-इन, बाहेर फाकवले की टो-आउट. आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांचा टो एवढंच सहज कमी-जास्त करता येतं, टाय रॉडवरचे, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरचे, आटे फिरवून. टायर सगळ्यात जास्त झिजतो तोही टो बिघडल्यामुळे.

त्यांनी लक्षणंही वेगळी करून दिली, आणि माझ्या मते ही सगळ्यात कामाची गोष्ट होती. स्टेअरिंग सरळ असूनही गाडी ओढत असेल, हाताने धरून ठेवावी लागत असेल, तर हवा बघायची, टायरच सदोष आहे का बघायचं, ब्रेक एका चाकाला चिकटतोय का बघायचं, मग कॅम्बर-कॅस्टर. ब्रेकचं कळायला सोपं आहे, कारण चालवून आल्यावर त्या एका रिमपाशी हात नेला तरी धग लागते. टायरचा संशय असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून पाहायची. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, अलाइनमेंट करून काही उपयोग नाही. पण गाडी सरळ जाते, हाताला जोर नाही आणि स्टेअरिंग मात्र वाकडं, असं असेल तर संशय टो वर घ्यायचा. माझ्या गाडीला दोन्ही आजार एकदम झाले होते. हवेची ओढ गेल्यावर मागे राहिलेलं वाकडेपण उघडं पडलं.

‘राहिलंय’ असं म्हणतेय खरं, पण तेव्हा खात्री नव्हती. म्हणून रविवारी सकाळी सहालाच बाहेर पडलो. नेरूळला आत्याकडे जायचंच होतं, वाटेत पाम बीच रोड मिळाला. वाशीहून बेलापूरकडे खाडीच्या कडेने जाणारा तो रस्ता रविवारी पहाटे मोकळा असतो. बाबांनी स्टेअरिंगच्या वरच्या काठावर बरोबर मध्यभागी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्याच्या समोर डॅशबोर्डवर दुसरा. पन्नासच्या वेगाने मी चालवत होते. हात स्टेअरिंगवर, पकड मात्र सैल. बाबा दोन तुकड्यांमधलं अंतर पाहत होते.

आपल्याकडे रस्त्याचं पाणी कडेला वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालवतो. त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. म्हणून बाबांनी आधी कडेच्या लेनमधून, मग दुभाजकालगतच्या लेनमधून चालवायला लावलं. नंतर परत फिरून उलट्या दिशेनेही. चारही वेळा चिकटपट्टी उजवीकडेच सरकलेली होती, आणि चारही वेळा जवळपास तेवढीच: करंगळीच्या रुंदीएवढी. लेन बदलली की ओढ थोडी बदलायची, चिकटपट्टीचं अंतर बदलायचं नाही. म्हणजे भास नव्हता.

आत्याकडे पोहे खाऊन परत आलो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसरा अंक सुरू झाला. बाबांनी मला पुढच्या टायरवर तळहात ठेवायला सांगितला. आडवा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. एका दिशेने हात गुळगुळीत जायचा. उलट दिशेने नेला की प्रत्येक खाचेची कड हाताला टोचायची, मांजराच्या जिभेसारखी. दोन्ही पुढच्या टायरना हे जाणवत होतं, मागच्या दोन्हींना मुळीच नाही. टायर सरळ गडगडण्याऐवजी थोडा आडवा घासत चालला की रबराच्या कडा अशा एका बाजूला दुमडल्यासारख्या झिजतात. डोळ्यांना ते जवळजवळ दिसत नाही. खड्ड्यानंतर गाडी जेमतेम सातशे किलोमीटर चालली होती, आणि हाताला कळत होतं.

मग कपाटातून व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचेही भाग मोजणारं माप, आला. वागळे इस्टेटमधून निवृत्त होताना बाबांनी स्वतःचा व्हर्नियर तेवढा घरी आणलाय, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्याच्या शेपटाकडून जी बारीक पट्टी बाहेर येते ती खोली मोजायला असते, तीच टायरच्या खाचेत उतरवली. रबर दबतं म्हणून प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा. डाव्या टायरला बाहेरच्या कडेला 4.6 मिलिमीटर, मध्ये 4.7, आतल्या कडेला 4.4. उजव्याला 4.7, 4.7, 4.5. खाचेत जी छोटी उंचवटी असते, जिथपर्यंत झिजला की टायर बदलायचाच, ती 1.6 वर असते. तिथून आम्ही बरेच लांब होतो. आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरकही इतका लहान की एका टायरवर दिसला असता तर बाबांनी तो मानलाच नसता. दोन्हीकडे आतलीच कड कमी, म्हणून त्यांनी भुवया वर केल्या. आतली कड जास्त झिजते ती टो-आउटमध्ये.

दोरीची पद्धत त्यांनी शेवटी काढली. यासाठी शेजारच्या काकांची जागाही रिकामी करून घेतली होती. आधी गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलली, कारण मागेपुढे करून थांबलेली चाकं आखडून उभी असतात. सरळ ढकलली की ती आपल्या जागी येतात. स्टेअरिंग चिकटपट्टीनुसार मध्यावर ठेवलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, प्लास्टिकच्या स्टुलांना बांधून पतंगाचा जाड मांजा ताणला. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर हव्यात आणि गाडीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं आडवं अंतर अनेक गाड्यांत वेगळं असतं, त्यामुळे दोरी टायरना टेकवून चालत नाही. चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीपासून मोजून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. हे जुळवण्यातच पाऊण तास गेला. खाली उकिडवं बसून माझे पाय दुखायला लागले, बाबा मात्र सत्तरीत असून एकदाही उठले नाहीत.

मग स्टीलच्या पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या काठापर्यंत आणि मागच्या काठापर्यंत अंतर घेतलं. पोचा पडलेला भाग मोजणीत येऊ नये म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा. उजव्या चाकाला दोन्ही आकडे सारखे. डाव्या चाकाचा पुढचा काठ दोरीच्या दोन मिलिमीटर जवळ होता, म्हणजे चाक बाहेर वळलेलं.

दोन मिलिमीटर ऐकून मला हसूच आलं. बाबांनी वही पुढे ओढली. चौदा इंची रिमच्या काठापासून काठापर्यंत साधारण 385 मिलिमीटर. त्यावर दोन मिलिमीटर म्हणजे अंदाजे 18 मिनिटांचा कोन. एका अंशात अशी साठ मिनिटं, म्हणजे एका अंशाच्या तिसऱ्या भागाहून कमी. गाडी सरळ चालताना दोन्ही चाकं ते वाकडेपण निम्मं निम्मं वाटून घेतात, म्हणूनच स्टेअरिंग उजवीकडे थोडं वळून बसतं आणि म्हणूनच दोन्ही टायर आतून झिजतात. प्रत्येकी नऊ मिनिटं. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक टायर अडीच मीटरहून थोडा जास्त आडवा घासतो. रोजच्या चाळीस किलोमीटरला शंभर मीटर. ‘ऑफिसला जाऊन येईपर्यंत तू पुढचे दोन्ही टायर रोज शंभर मीटर आडवे फरफटवतेस,’ बाबा म्हणाले. हसू गेलं. अलाइनमेंट करायची, हे तेव्हा ठरलं.

पण बाबांचं अजून ठरलं नव्हतं. टो आपोआप बदलत नाही, आटे आपले आपण फिरत नाहीत. मग काय सरकलं? ते कळल्याशिवाय आटे फिरवायचे नाहीत, असा त्यांचा हट्ट. मला तो तेव्हा अति वाटला. आज त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सोमवारी रजा टाकून आम्ही दोघं दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो, जिथे लिफ्टही आहे आणि कॅमेऱ्याचं अलाइनमेंट मशीनही. मी आधीच सांगितलं, पहिल्यांदा फक्त रीडिंग हवं, कागदावर, आटे फिरवायच्या आधीचं. तो मेकॅनिक म्हणाला, ‘काही हरकत नाही ताई, तसंच करतात.’ चारही चाकांना कॅमेऱ्याने पाहायच्या खुणांच्या फळ्या लावल्या, गाडी थोडी मागेपुढे ढकलून रिमचा डगमग मशीनने हिशोबात घेतला, पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर चढवली, स्टेअरिंग मध्यावर कुलूपबंद केलं. पडद्यावर डाव्या चाकाचा टो उणे 0 अंश 22 मिनिटं, लाल. उणे म्हणजे टो-आउट. उजव्याचा अधिक 1 मिनिट, हिरवा. कॅम्बर डावीकडे उणे 40 मिनिटं, उजवीकडे उणे 25, दोन्ही हिरवे. एक डोळा मिटून पाहणाऱ्या मुलाचा कॅम्बर ठीक निघाला. बाबांचा दोरीचा आकडा चार मिनिटांनी चुकला होता, त्याची त्यांना रुखरुख लागली ती अजून आहे.

मेकॅनिक पाना घेऊन आटे सैल करायला वाकणार, तोच बाबा म्हणाले, ‘राजा, आधी गाडी वर घे. चाक हलवून बघू.’ गाडी वर गेली. चाक वर-खाली धरून हलवलं, काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. डावी-उजवीकडून धरून हलवलं तेव्हा अगदी हलकी टकटक. मेकॅनिकने दिवा धरला. टाय रॉड एंडचं, म्हणजे टाय रॉडच्या चाकाकडच्या सांध्याचं, रबर फाटून आतलं ग्रीस वाळून गेलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला, स्टेअरिंग रॅकला जो रॉड जोडलेला असतो, ज्याला गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात, तो त्याने बोटाने चाचपला. मग काही न बोलता सोडवला आणि फरशीवर ठेवून गडगडवला. सरळ रॉड संथ घरंगळतो. हा अर्धा फेरा फिरून थांबला, पुन्हा ढकलला तर पुन्हा तिथेच थांबला. मध्यभागी त्याच्या आणि फरशीच्या मध्ये पेन्सिल सरकेल इतकी फट होती.

तो तुकडा हातात घेऊन मी किती वेळ उभी होते आठवत नाही. आटे फिरवून टो शून्यावर आणता आला असता. पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले असते, स्टेअरिंग सरळ दिसलं असतं, छापील कागद घेऊन मी समाधानाने घरी गेले असते, आणि चाक वळवणारा वाकलेला रॉड तसाच गाडीखाली राहिला असता. मशीनला फक्त कोन कळतो. तो कोन कशावर उभा आहे ते त्याला दिसत नाही. गायमुखच्या घाटात आम्ही दर महिन्याला जातो, मागच्या सीटवर माझी मुलं असतात.

मेकॅनिकने विचारलंच, ठोकून सरळ करून देऊ का. बाबा आणि मी एकदमच नाही म्हणालो. वाकलेला रॉड सरळ केला तरी आतून कुठे चीर गेलीय ते दिसत नाही, आणि स्टेअरिंगच्या भागात हा धोका घ्यायचा नसतो. डाव्या बाजूचा रॅक एंड आणि टाय रॉड एंड दोन्ही नवे बसवले. पार्ट आणि मजुरी मिळून 1,850 रुपये, अलाइनमेंटचे 450. पार्ट बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा मोजून, मग जुळवून, मग तिसऱ्यांदा मोजून घेतली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ढिल्या सांध्यावर जुळवलेला टो पुढच्या खड्ड्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. शेवटचा कागद: डावा 2 मिनिटं, उजवा 2 मिनिटं. आधीचा आणि नंतरचा दोन्ही कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत आहेत.

टायर दुकानात दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करा असं सांगतात. मी आता तेवढ्यावर विसंबत नाही. मोठा दणका बसला, स्टेअरिंगचा किंवा सस्पेन्शनचा पार्ट बदलला, किंवा महिन्यातून एकदा टायरवर हात फिरवताना कडा टोचल्या, की मोजून घेते. नाहीतर नाही.

ठाणे-बेलापूर रोडवर दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीचे दोन्ही तुकडे समोरासमोर होते. मी ते काढले नाहीत. टायरही जागेवरून हलवू दिले नाहीत, बाबांना त्याच जागी मोजायचं होतं. दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, बोनेटवर झेंडूचं तोरण ठेवलं, आणि हळदीकुंकू लावायच्या आधी बाबा व्हर्नियर घेऊन खाली आले. मधल्या काळात गाडी बावीसशे किलोमीटर चालली होती. डावा टायर बाहेर 4.3, मध्ये 4.3, आत 4.1. तिन्ही जागी झीज जवळपास सारखी. मग त्यांनी उजवा तळहात टायरवरून आधी एका दिशेने, नंतर दुसऱ्या दिशेने फिरवला, मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागला.